खाणकामगारांचा रेडिओ आणि आपली पत्रिका

(कार्यकर्ता शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेल्या मांडणीचा मजकूर. पावसामुळे नाल्यापलीकडच्या पाड्यांवरचे साथी येऊ शकले नाहीत. त्यांच्यासाठी आणि बैठकीत मोठ्याने वाचण्यासाठी तो इथे देत आहोत.)



काल दिवसभर आपण सात-बारा, एकसाली प्लॉट आणि जंगल खात्याचे दावे यांवर बोललो. आज सकाळी आम्ही रेडिओवर बोलणार म्हटल्यावर मागं कुणीतरी हसलं. जमिनीच्या शिबिरात रेडिओ कशाला? प्रश्न बरोबर आहे. म्हणून आधी एक प्रसंग सांगतो.

मागच्या महिन्यात एका पाड्यावर आम्ही बैठकीला गेलो होतो. ओसरीवर ट्रान्झिस्टर चालू होता. बातम्या लागल्या. त्यात सांगितलं की आदिवासींना जमिनी वाटण्याचं काम समाधानकारक रीतीनं पुरं होत आलं आहे. बैठकीला जमलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. त्यातल्या निम्म्यांच्या हातात कागद नाही. दोघांवर तर त्याच आठवड्यात अतिक्रमणाची केस झालेली. एक म्हातारे बाबा आम्हाला म्हणाले, "काय रे, रेडिओपण खोटा बोलतो का?"

आम्ही लगेच हो म्हणून टाकलं. मग बाबांनी दुसरा प्रश्न टाकला, "मग खरा बोलणारा रेडिओ कुठं असतो?" याला मात्र आमच्याकडं उत्तर नव्हतं. आजची मांडणी त्या बाबांसाठी आहे. खरं बोलणारा रेडिओ एका देशात होता. एक नाही, वीसहून जास्त होते. ते कुणी चालवले, कसे चालवले, सरकारनं त्यांचं काय केलं आणि शेवटी ते का अडचणीत आले, हे सगळं आपल्या कामाचं आहे.

देश कुठला

त्या देशाचं नाव बोलिव्हिया. दक्षिण अमेरिकेत आहे, समुद्र नाही, डोंगराळ आहे. तिथले पुष्कळ लोक मूळचे तिथलेच. केचुआ आणि आयमारा या त्यांच्या भाषा. सोळाव्या शतकात स्पेनचे लोक आले, जमिनी घेतल्या आणि त्यांना डोंगराच्या पोटात खाणीत घातलं. आधी चांदी काढायला, नंतर कथील. भांड्यांना कल्हई लावतो ना आपण, तेच कथील. या खाणी सुमारे ४,००० मीटर उंचीवर आहेत. आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. तिथं झाड नाही, थंडी मरणाची. खाणीतली धूळ छातीत जाते आणि माणूस तरुणपणीच खोकून खोकून मरतो. नवरा मेला की बायकोपोरांना कंपनीची खोली सोडावी लागायची.

खाणी तीन मोठ्या घराण्यांच्या होत्या. पातिन्यो, ओखशिल्ड आणि आरामायो. सर्वांत मोठी खाण कातावी–सिग्लो वेइन्ते या भागात, पातिन्योची. १९४२ च्या डिसेंबरात तिथं मजुरीसाठी मोर्चा निघाला. २१ तारखेला सैन्यानं मोर्चावर गोळीबार केला. पुढं चालणारी मारिया बार्सोला ही बाई त्यात मेली. ज्या माळावर ती पडली त्याला लोकांनी तिचं नाव दिलं. दहा वर्षांनी, १९५२ मध्ये, देशात क्रांती झाली. खाणी सरकारच्या झाल्या, त्या कागदावर सही झाली ती याच माळावर.

पण मालक बदलला म्हणजे सगळं बदलतं असं नाही. आपल्याकडे सावकार गेला आणि जंगल खातं आलं. तिकडं पातिन्यो गेला आणि सरकारी महामंडळ आलं. सरकारं पडली, लष्करी अधिकारी खुर्चीवर बसले. मजुरीसाठी भांडणं काही सुटलं नाही.

रेडिओ कसा उभा राहिला

१९५० च्या आसपास खाणकामगारांच्या युनियननं ठरवलं की आपला रेडिओ पाहिजे. कारण काय? ला पाझ शहरातले पेपर खाणीपर्यंत यायचे नाहीत. आले तरी वाचणार कोण? पुष्कळांना अक्षर येत नव्हतं. आणि शहरातला रेडिओ स्पॅनिशमध्ये बोलायचा. घरात बाई केचुआ बोलते आणि रेडिओ साहेबाची भाषा बोलतो. तुम्ही वारली बोला, कातकरी बोला, कोकणा बोला, बातम्या येणार त्या पुस्तकी मराठीत. तसंच ते.

मग त्यांनी पगारातून ठरलेला वाटा कापून द्यायचं ठरवलं. हे नीट ध्यानात घ्या. कुण्या शेटनं देणगी दिली नाही. पोटाला चिमटा काढून त्यांनी आवाज हवेत सोडणारं यंत्र विकत घेतलं. सिग्लो वेइन्तेच्या रेडिओचं नाव 'ला वोस देल मिनेरो', म्हणजे खाणकामगाराचा आवाज. बघता बघता एकेका खाणीवर अशी केंद्रं उभी राहिली.

बोलायला कोण होतं? काही निवेदक आणि बातमीदार तयार झाले, पण ते तिथलेच. कुणी खाणीत पाळी करून येऊन माईकसमोर बसायचा, कुणी खाणकामगाराचा पोरगा. युनियनची सभा असली की माईक सभेतच नेऊन ठेवायचे. पुढाऱ्यानं काय कबूल केलं ते सगळ्या गावाला त्याच वेळी ऐकू जायचं. मागून शब्द फिरवायची सोय नाही. बायका येऊन दुकानातल्या साखरेच्या भावाची तक्रार करायच्या. फुटबॉलची मॅच, लग्नाची गाणी, मयताची खबर, अमक्याची आई उद्या येणार आहे तिला घ्यायला जा असा निरोप, सगळं त्याच रेडिओवर. टेलिफोन नव्हताच. म्हणून संकटाच्या दिवशी लोक त्याच्यावर विश्वास ठेवायचे. रोज खरा निरोप देणारा माणूस एके दिवशी म्हणाला, सैन्य येतंय, तर आपण पळतो. रोज थापा मारणारा म्हणाला तर कोण उठतो?

एक गंमतही सांगतो. त्याच भागात १९५९ मध्ये चर्चच्या पाद्र्यांनी 'रादिओ पिओ दोसे' नावाचं केंद्र काढलं. हेतू हा की कामगारांना लाल झेंड्यापासून दूर करायचं. सुरुवातीला युनियनचं आणि त्यांचं चांगलंच वाजलं. पण पाद्री तिथंच राहिले, घराघरांत गेले, खोकून मरणारी माणसं त्यांनी पाहिली, आणि हळूहळू तेही कामगारांच्या बाजूनं बोलायला लागले. लोकांत राहिलं की डोळे उघडतात. शहरातून येणाऱ्या आम्हा मंडळींनाही हे लागू आहे.

सान हुआनची रात्र

आता सिनेमाबद्दल. आमच्यापैकी दोघांनी मुंबईत एक सिनेमा पाहिला. नाव 'एल कोराहे देल पुएब्लो', म्हणजे लोकांची हिंमत. होर्हे सान्हिनेस या बोलिव्हियाच्या दिग्दर्शकानं आणि त्याच्या उकामाऊ गटानं तो १९७१ मध्ये केला. त्यात नट-नट्या नाहीत म्हटलं तरी चालेल. ज्यांच्यावर गोळ्या चालल्या, त्यातून जे वाचले, त्यांनीच आपापलं काम केलं. आपल्याला कुणी तलवाड्याचा सिनेमा करायला सांगितला आणि त्यात त्या दिवशी हजर असलेले म्हातारेच उभे राहिले, तर कसं होईल तसं. सुरुवात होते १९४२ च्या मोर्चापासून. मग एकेक हत्याकांड आणि त्याला जबाबदार कोण, त्याची नावं आणि फोटो पडद्यावर येतात.

सिनेमातली मुख्य गोष्ट १९६७ सालची. लष्करशहा बार्रिएंतोस सत्तेवर होता. त्यानं आधीच मजुरी कापली होती, पुढारी पकडले होते. खाणकामगारांची देशभराची बैठक सिग्लो वेइन्तेला भरायची होती. त्याच्या आधीची रात्र सान हुआनची. आपली होळी असते ना, तशी त्यांची ती रात्र. घरोघर शेकोट्या, दारू, नाच. २४ जूनच्या पहाटे, लोक थकून झोपायला चालले होते तेव्हा सैनिक आले आणि वस्तीवर गोळीबार सुरू केला. फटाके वाजतात असं काहींना आधी वाटलं. किमान वीस माणसं मेली, बायकापोरं धरून. जखमी कितीतरी.

सैन्यानं त्या रात्री युनियनचं ऑफिस आणि रेडिओ सोडला नाही. रोसेन्दो गार्सिया माइस्मान हा युनियनचा पुढारी तिथं राखणीला उभा राहिला आणि तिथंच मेला. माणसं मारायची तर आधी त्यांचा आवाज बंद करायचा. नाहीतर बातमी दुसऱ्या खाणीवर जाईल, तिसऱ्या खाणीवर जाईल, उद्या सगळा देश उठेल.

या सिनेमात दोमितिला नावाची एक बाई स्वतःचंच काम करते. खाणकामगाराची बायको, घरात पुष्कळ पोरं, पहाटे उठून पुऱ्या-कचोऱ्यांसारखं खाणं करून विकायची. बायकांच्या समितीची ती पुढारी. हत्याकांडाविरुद्ध ती उघड बोलली म्हणून तिला तुरुंगात टाकलं, पोटुशी असताना मारलं, तिचं बाळ गेलं. तरी ती बोलायची थांबली नाही. १९७५ मध्ये मेक्सिकोला जगभरच्या बायकांचा मेळावा भरला, तिथं जाऊन ती बोलली. तिनं सांगितलेल्या हकिकतीचं पुस्तक झालं आहे. आपल्या बायकांच्या बैठकीत त्यावर वेगळं बोलायला हवं.

सिनेमा झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बान्सेर या दुसऱ्या लष्करशहानं सत्ता घेतली. मग हा सिनेमा त्याच्याच देशात कित्येक वर्षं दाखवता आला नाही. रेडिओवर बंदी, रेडिओची गोष्ट सांगणाऱ्या सिनेमावरही बंदी.

बंदी किती तऱ्हेची असते

सेन्सॉर म्हणजे काय, असं काल एका पोरीनं विचारलं. सेन्सॉर म्हणजे बातमी बाहेर पडायच्या आधी सरकारनं ती तपासायची आणि नको असेल ते कापायचं. पण बोलिव्हियाच्या गोष्टीत बंदीच्या तीन तऱ्हा दिसतात.

पहिली तऱ्हा दंडुक्याची. यंत्र फोडायचं, निवेदकाला पकडायचं. १९७५ च्या जानेवारीत बान्सेरच्या सैन्यानं सिग्लो वेइन्तेच्या भागातली केंद्रं फोडली, सामान नेलं. कामगारांनी काय केलं? संप. मजुरीसाठी नव्हे, रेडिओ परत द्या म्हणून संप. जगात असा संप क्वचितच झाला असेल.

दुसरी तऱ्हा गोडीची. त्याच काळात सरकारनं खाणीवर टीव्ही आणला. हप्त्यावर, स्वस्तात संच देऊ केले. म्हणजे बघत बसा, बोलू नका. कामगारांनी टीव्ही घेतले, कोण सोडतो? पण टीव्हीच्या बदल्यात रेडिओ सोडायला तयार झाले नाहीत. रेडिओतून त्यांना बोलता येत होतं, टीव्हीतून फक्त ऐकता येत होतं. हा फरक त्यांना कुणी शिकवावा लागला नाही.

तिसरी तऱ्हा खोट्या निरोपाची. ती आपल्याला चांगली ठाऊक आहे, तिच्याकडे पुढं येतो.

बान्सेरचं राज्य हललं ते बायकांमुळं. १९७७ च्या डिसेंबरात चार खाणकामगारांच्या बायका पोरं घेऊन ला पाझला आल्या आणि उपोषणाला बसल्या. मागण्या: पकडलेल्यांना सोडा, काढलेल्यांना कामावर घ्या, युनियनवरची बंदी उठवा, खाणीतून सैन्य हटवा. लोक हसले, चार बायका काय करणार म्हणून. दोमितिला त्यांना जाऊन मिळाली, लुईस एस्पिनाल नावाचा पाद्री बसला, बघता बघता हजारावर माणसं उपोषणाला बसली. तीन आठवड्यांत लष्करशहाला नमतं घ्यावं लागलं.

या एस्पिनालबद्दल दोन शब्द. तो स्पेनमधून आलेला. सिनेमावर लिहायचा, रेडिओवर बोलायचा, 'आकी' नावाचं साप्ताहिक चालवायचा. आकी म्हणजे 'इथं'. लष्करातले लोक आणि चोरटा धंदा करणारे यांचं साटंलोटं त्यात छापलं जायचं. १९८० च्या मार्चमध्ये त्याला रात्री उचलून नेलं, हालहाल करून मारलं. त्याच्या मयताला प्रचंड गर्दी लोटली. पण ज्यांनी मारलं त्यांचं काम पुढं सरकलंच होतं.

साखळी

१७ जुलै १९८० ला जनरल गार्सिया मेसानं सत्ता बळकावली. ला पाझमध्ये कामगारांच्या मध्यवर्ती संघटनेच्या कचेरीवर हल्ला झाला. शहरातली सगळी रेडिओ केंद्रं सैन्यानं घेतली. सगळीकडून एकच आवाज, लष्करी बँड आणि हुकूम. शहर मुकं झालं.

तेव्हा डोंगरातले खाणीचे रेडिओ बोलत राहिले. त्यांनी एकमेकांना जोडून घेतलं. म्हणजे कसं? एका केंद्राचा आवाज लांब जात नाही. मग एकानं बोलायचं, शेजारच्यानं ते पकडून पुढं सोडायचं, त्यानं पुढच्याला. आपण नाही का एका टेकडीवरून कूक देतो, दुसऱ्या टेकडीवरचा ऐकून पुढं देतो. स्पॅनिशमध्ये, केचुआमध्ये, आयमारात. या साखळीला त्यांनी लोकशाहीची साखळी असं नाव दिलं. कुठं कुणाला पकडलं, सैन्य कुठल्या रस्त्यानं निघालं, कुठल्या गावानं रस्ता अडवला, सगळं त्यावरून कळत होतं. देशाबाहेरच्या बातमीदारांनाही आत काय चाललंय ते या साखळीवरूनच कळत होतं.

सैन्य एकेक खाण घेत चाललं. एक केंद्र बंद पडलं की दुसरं बोलायचं. केंद्राभोवती बाया आणि पोरं राखण करत होती. निवेदक माईकवर सांगत होते, सैन्य इतकं जवळ आलं, आता एवढंच राहिलं. बाहेर गोळ्यांचा आवाज आणि आत माणूस बोलतोय. पळून जाता आलं असतं. बसून राहिले, कारण आपण उठलो की पुढच्या गावाला कळणार नाही, हे त्यांना माहीत होतं. ऑगस्टच्या सुरुवातीला काराकोलेस खाणीत सैन्यानं कत्तल केली. त्याच दिवसांत साखळी तुटली. साखळी चालली ती अडीच-तीन आठवडे.

ते हरले का? त्या दिवशी हरले. पण गार्सिया मेसा वर्षभरानंतर खुर्चीवर राहिला नाही आणि १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये निवडून आलेलं सरकार बसलं. फोडलेली केंद्रं लोकांनी पुन्हा उभी केली. गोळीबारानं रेडिओ संपला नाही.

आपल्याकडे

आता इकडं येऊ. आपल्या, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात १९४५ साली वारल्यांनी वेठबिगारी आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध लाल झेंडा हातात घेतला, हे तुम्हाला घरातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं असेल. त्या ऑक्टोबरमध्ये जमीनदारांनी खोटा निरोप पसरवला, की गोदूताई परुळेकरांनी सगळ्यांना तलवाड्याला बोलावलंय. लोक रात्रीतून चालत निघाले, हजारोंनी जमले. गोदूताई तिथं नव्हत्याच. १० ऑक्टोबरला पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण गेले. ही तिसरी तऱ्हा. आवाज बंद न करता आपल्या माणसाच्या नावानं खोटा आवाज सोडायचा. आपला निरोप खरा की खोटा हे ओळखायची सोय त्या रात्री लोकांकडे असती, तर ते चालत गेले नसते.

आणीबाणी तर आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिली आहे. १९७५ च्या २५ जूनच्या रात्री दिल्लीत पेपरच्या छापखान्यांची वीज तोडली. सकाळी पंतप्रधान रेडिओवरून बोलल्या. पेपरवाल्यांनी बातमी छापण्याआधी सेन्सॉरला दाखवायची असा हुकूम निघाला. रेडिओ सरकारचाच, त्याला सेन्सॉर करायची गरजच नव्हती. तेव्हा खरी बातमी फिरली ती हाती लिहिलेल्या आणि सायक्लोस्टाईल केलेल्या पत्रकांतून. हे आमचं मशिन बघता ना, हँडल फिरवायचं, शाईनं हात काळे होतात, स्टेन्सिल फाटली की पुन्हा टाईप करायची. याच जातीची मशिनं तेव्हा कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या गोठ्यात चालली.

आणि बंदीशिवायही बातमी अडते. १९७८ च्या डिसेंबरात सरकारनं जीआर काढला, की १९७२ ते १९७८ या काळात वनजमिनीवर केलेली अतिक्रमणं अटी घालून कायम करायची. सांगा बरं, किती पाड्यांवर ही बातमी वेळेवर पोचली? हात वर करा. बघा, इतक्या जणांत चार हात. गार्डानं फाडलेली दंडाची पावती हाच कसल्याचा पुरावा होता. पुष्कळांनी ती चुलीत घातली, कारण ती जपून ठेवा असं कुणी सांगितलं नाही. रेडिओवर बंदी नव्हती. फक्त आपल्यासाठी कुणी बोललं नाही, आणि आपल्या हातात बोलायचं साधन नव्हतं. त्या चुलीत पावती नाही, जमीन जळाली.

आपल्या देशात बराच काळ रेडिओ केंद्र चालवायचा अधिकार फक्त सरकारला होता. १८८५ सालचा इंग्रजांचा तारेचा कायदा पुढंही कित्येक वर्षं चालू होता. उद्या आपण रेडिओ काढू असं आम्ही म्हणत नाही. आपला रेडिओ म्हणजे ही पत्रिका, आणि ती मोठ्यानं वाचणारी तुमच्यातली पोरं.

शेवट असा का झाला

गोष्टीचा शेवट राहिला. गोड नाही, पण लपवणार नाही.

१९८५ च्या ऑगस्टमध्ये बोलिव्हियाच्या नव्या सरकारनं हुकूम काढला. सरकारी खाणी परवडत नाहीत म्हणून सांगितलं. त्याच साली जगात कथिलाचा भाव कोसळला. वीस हजारांवर खाणकामगारांना कामावरून काढलं. १९८६ मध्ये ते बायकापोरांसह ला पाझकडं चालत निघाले, सैन्यानं वाटेत वेढा घालून थांबवलं. मग कुणी शहराच्या कडेला झोपडी घातली, कुणी खाली जंगलात शेती करायला गेलं. वस्त्या ओस पडायला लागल्या. रेडिओ पगारातल्या वाट्यावर चालत होते. पगारच नाही तर वाटा कुठला? ज्या केंद्रांना रणगाडे आणि विमानं बंद करू शकली नाहीत, ती मग पैशाअभावी धापा टाकू लागली.

आम्हाला यातून एकच गोष्ट सांगायची आहे. आवाज हवेत राहत नाही. तो माणसांच्या पोटावर, त्यांच्या कामावर, त्यांच्या जागेवर उभा असतो. खाण गेली, वस्ती पांगली, तसा रेडिओ गेला. आपली जमीन गेली, पाडा उठून वीटभट्टीवर आणि रेतीच्या बोटीवर पांगला, तर ही पत्रिका कोण वाचणार आणि कुणासाठी? आणि उलटंही तितकंच खरं. आवाज नसेल तर जमीन जाते, हे पावत्यांच्या गोष्टीतून आपण पाहिलं. म्हणून जमिनीच्या शिबिरात रेडिओ.

बाबांचा प्रश्न होता, खरा बोलणारा रेडिओ कुठं असतो. ज्याचा खर्च आपण करतो, ज्यात आपली माणसं बोलतात आणि ज्याची राखण आपण करतो, तिथं असतो.

तेव्हा ठरवायच्या गोष्टी अशा.

एक. पत्रिकेची ठरलेली किंमत द्यावी. ज्यांना जमत नाही त्यांनी मूठभर नाचणी, भात द्यावा. पण फुकट कुणी घेऊ नये. बाहेरच्या देणगीवर आम्ही ही चालवणार नाही.

दोन. प्रत्येक पाड्यानं दोन बातमीदार निवडावेत, त्यातली एक बाई असावी. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावं, लिहिणारे आम्ही आहोत. गार्ड कोणत्या दिवशी आला, कुणाचं औत नेलं, पावती दिली की नाही, तारखेसकट सांगावं. आपली भाषा बदलून सांगू नये.

तीन. आमच्याकडून चूक झाली तर पुढच्या अंकात ती कबूल करू. मागच्या अंकात मोर्चाची तारीख चुकली आणि काही साथी एक दिवस आधी येऊन तहसीलसमोर उपाशी बसले. ती आमची चूक. खाणीच्या रेडिओवर विश्वास होता तो रोजच्या खऱ्या निरोपामुळं. तो आम्हाला मिळवायचा आहे.

चार. संघटनेच्या नावानं निरोप आला तर तो कुणी आणला हे विचारा. सहीचा कागद मागा. आमचा माणूस रागावणार नाही. रागावला तर समजा तो आमचा नाही.

पाच. प्रत्येक अंकाची एक प्रत पाड्यावर पत्र्याच्या पेटीत जपून ठेवा, पावत्यांबरोबर. उद्या मशिन जप्त झालं तरी कागद राहील.

मांडणी संपल्यावर मागं बसलेल्या एका काकींनी विचारलं, "त्या बाया सैन्य आलं तरी केंद्रासमोरनं उठल्या नाहीत, त्यांना भीती नाही वाटली का?" वाटली असणारच, काकी. पण यंत्र त्यांच्या पैशाचं होतं. आपली गाय कुणी सोडून नेत असेल तर आपण भीती वाटते म्हणून घरात बसतो का?

पुढचा अंक अमावस्येच्या आधी निघेल. बातम्या पाठवा.

जिंदाबाद.